दाजींचं चाकांवरचं बिऱ्हाड

आमच्या दाजींच्या घरी गेलं की पाहुण्याला आधी बसायची जागा शोधावी लागायची, कारण काल जिथं खुर्ची होती तिथं आज पिठाचा डबा असायचा.

बजाजनगरातलं दोन खोल्यांचं घर ते. त्यात शोधण्यासारखं काय असणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी दाजींना पाहिलेलं नाही. दर पंधरवड्याला हा माणूस घरातल्या घरात मुक्काम हलवायचा. हॉलमधला पलंग जिन्याखाली, जिन्याखालची धान्याची कोठी गच्चीवर, गच्चीवरची सतरंजी स्वयंपाकघरात. गॅसची नळी पुरेल तिथवर शेगडीही फिरायची. देव्हारा तर इतका फिरला होता की आमच्या घरात चारी धाम देवांनाच घडले, असं ताई म्हणायची. मी एकदा अर्धवट झोपेत नेहमीच्या जागी हात घालून घटाघटा पाणी प्यालो, ते देवाच्या आंघोळीचं निघालं. तीर्थ म्हणून चालवून घेतलं असतं, पण त्यात आदल्या दिवशीचा झेंडू होता.

मी ताईचा धाकटा भाऊ. वाळूजला एका कंपनीत स्टोअरला चिकटलो होतो आणि खोली मिळेपर्यंत म्हणून ताईकडं उतरलो होतो. ताईच्या हातची भाकरी खाल्ल्यावर मी खोली शोधायचंच सोडून दिलं. त्यामुळं दाजींचा जवळून अभ्यास घडला. "घर हलत नाय ना मेव्हणे," ते मला समजवायचे, "मंग माणसानं तरी हलावं. बसल्या पाण्याला आन् बसल्या माणसाला, दोघांलाबी वास येतो."

दाजींचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की त्यांचे वडील कळप घेऊन निघायचे ते मृगाच्या तोंडावर परतायचे. सगळा संसार घोड्यावर. भांडी, घोंगड्या, खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर, पडू नये म्हणून दोरीनं आवळलेले, दाजी. हे दाजींचंच म्हणणं. त्यांच्या भुवईत एक खाच होती. ती कोंबडीनं चोच मारल्याची खूण, असं ते सांगायचे. ताई म्हणायची वेल्डिंगची ठिणगी. मी दोन्ही खरं मानायचो. पुढं त्यांना आश्रमशाळेत घातलं, बिऱ्हाड पुढं गेलं आणि दाजी मागं राहिले. शिकले, वाळूजला वेल्डर झाले, पोरांना इंग्रजी शाळेत घातलं, स्वतःचं घर बांधलं. आणि ज्या दिवशी त्या घरात राहायला गेले त्या दिवसापासून त्यांना तिथं धड झोप लागली नाही.

घोळ सुरू झाला तो भाच्यामुळं. पंधरा वर्षांचं पोर, मान कायम मोबाइलमध्ये, त्यामुळं त्याचा चेहरा नेमका कसा आहे हे घरात कुणाला खात्रीनं सांगता यायचं नाही. त्यानं एकदा दाजींना परदेशातल्या कुटुंबाचा व्हिडिओ दाखवला. घराएवढी गाडी, आत पलंग, चूल, संडास, वयात आलेली दोन पोरं, दोन कुत्री, आणि अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोरी बाई खिडकीतून हात बाहेर काढून सांगत होती की हे स्वातंत्र्य आम्हाला आत्ताच सापडलं. दाजींनी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "ह्यांचं घोडं लई मोठं हाय. बाकी बिऱ्हाड आपलंच."

झालं. पुढच्याच रविवारी वाळूजच्या एका भंगारवाल्याच्या आवारातून कामगारांची ने-आण करणारी एक जुनी बस आमच्या गल्लीत आली. आली म्हणजे चार जणांनी ढकलत आणली. दाजी ह्याच बसच्या तिसऱ्या खिडकीत बसून कैक वर्षं कामावर गेले होते. बिचारीनं उभ्या जन्मात बजाजनगर आणि कंपनीचं गेट याखेरीज काही पाहिलं नव्हतं. दाजींनी तिच्या पत्र्यावर हात ठेवून तिला सांगितलं की तुला कन्याकुमारी दाखवतो. मला वाटतं तिचा एक टायर त्याच वेळी बसला.

मग सहा महिने गल्लीत वेल्डिंगच्या ठिणग्या. बाकडी निघाली, पलंग बसले, ओटा बसला, मागं पत्र्याचा संडास आणि त्याच्याखाली टाकी. वेल्डर माणूस, जिथं एक टाका पुरे तिथं सात मारायचा. शेवटी ती गाडी रणगाड्याची आतेबहीण दिसायला लागली. खिडक्यांना पडदे हवेत म्हणून ताई, दाजी आणि मी गुलमंडीत गेलो. दुकानदारानं विचारलं, लग्नाला हवंय का बारशाला? दाजी म्हणाले, बसला. दुकानदार जराही बिचकला नाही, गुलमंडीत कुणी बिचकत नाही. त्यानं आतून सोनेरी जरीचा एक तागा काढला. कुठल्यातरी बँडवाल्यानं गणवेशासाठी मागवून नंतर न नेलेला. स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर दाजींनी अख्खा उचलला. त्यामुळं बाहेरून रणगाडा आणि आतून नवरदेव, असा त्या गाडीचा थाट झाला.

नातेवाइकांनी टर उडवली. माणसं विमानानं जातात आणि हा संडास घेऊन फिरतोय, असं आमच्या थोरल्या काकांनी भर जेवणावळीत सांगितलं. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. ती वर्गात आणि घरात एकदाच बोलते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना गाडीसमोर उभं केलं आणि अट घातली. भाचा किंवा त्याची थोरली बहीण, दोघांपैकी कुणी प्रवासात एकदा जरी 'घरी जायचं' म्हटलं, तर गाडी तिथल्या तिथं वळवायची आणि परत आल्याबरोबर भंगारात. दाजींनी अट मान्य केली. मला पंच म्हणून सोबत घेतलं. गाडी चालवणारे दाजी, स्वयंपाक करणारी ताई, आणि पोरं काय म्हणाली त्याचा निवाडा देणारा मी. जगात माझ्याइतकं सोपं काम घेऊन कन्याकुमारीला कुणी निघालं नसेल, असं मला तेव्हा वाटलं.

आता कुत्र्यांचं सांगतो. भाच्यानं हट्ट करून आणलेलं एक लॅब्राडोर, नाव ऑस्कर. देखणं, गुबगुबीत आणि मांजराला घाबरणारं. दुसरं दाजींनी गावाकडून आणलेलं मेंढरांमागचं कुत्रं, नाव दगड्या. हे दिवसभर दगडासारखं पडून असायचं, पण परका माणूस दारापासून दहा पावलांवर आला की न भुंकता उठून उभं राहायचं. त्याचं ते उभं राहणं पाहिलेला कुरिअरवाला अजून आमच्या गल्लीत येत नाही, पार्सल कोपऱ्यावरून भिरकावतो.

भाची सतरा वर्षांची. बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, जूनला पुण्याला कॉलेजात जायची. तिला ह्या सगळ्याची लाज वाटेल अशी ताईला भीती होती, पण पोरीनं मोबाइलवर 'फिरतं घर' म्हणून पान काढलं आणि मैत्रिणींना रोज थेट चित्रण दाखवायचं ठरवलं. सोनेरी पडदे तिनं 'रॉयल' म्हणून खपवले. बापाकडून तेवढंच घेतलं होतं तिनं, खपवण्याची कला.

निघालो तो दिवस एप्रिलचा. क्रांती चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. जरीचे पडदे, टपावर बांधलेल्या गाद्या आणि खिडकीतून बाहेर तोंड काढून बसलेला ऑस्कर. लोकांना वाटलं निवडणुकीचा रथ. एका पोरानं विचारलं, निशाणी कोणती? दाजींनी ऑस्करकडं बोट दाखवलं. मी खोटं सांगत नाही, गाडीला धक्का मारायला जे पंचवीस-तीस जण आले ते 'येऊन येऊन येणार कोण' करत आले, आणि गाडी सुरू झाल्यावर त्यातल्या आठ-दहा मोटारसायकली पैठण रस्त्याच्या तोंडापर्यंत मागं होत्या. त्यांनी ऑस्करला हार घातला. मला वाटतं तो तेव्हा उभा राहता तर निवडून आला असता. त्याच्यात काही कमी नव्हतं. दिसायला देखणा, खायला मजबूत आणि काम शून्य.

बीडच्या पुढं एका गावात डोळे तपासणीची गाडी समजून म्हाताऱ्यांची रांग लागली. ताई म्हणाली, सांगा त्यांना खरं काय ते. दाजींना ते पटेना. माणसं उन्हात उभी आहेत, त्यांना रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी प्रत्येकाला लांब उभं करून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचायला लावले. बऱ्याच जणांनी आपण शाळेत गेलो नाही असं सांगितलं. दाजींनी त्यांना गाडीचा रंग विचारला आणि नजर शाबूत असल्याचं जाहीर केलं. गाव खुश. निघताना कुणीतरी कलिंगड दिलं.

भाच्यानं मात्र अटीचा धंदा मांडला. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, टोलनाक्यावर, जिथं काही विकत मिळतं तिथं तो नुसतं "पप्पा, मला ना घ..." एवढंच म्हणायचा आणि थांबायचा. दाजी धावत जाऊन आइस्क्रीम आणायचे. सोलापूर येईपर्यंत त्याला आइस्क्रीम, हेडफोन आणि रात्रभर मोबाइल जवळ ठेवायची मुभा एवढं मिळालं होतं. मी पंच म्हणून हरकत घेतली, तर मलाही एक कुल्फी मिळाली. न्याय तिथंच थांबला.

एका दुपारी टायर बघायला म्हणून दाजी खाली उतरले. मीही उतरलो. मी त्यांना म्हटलं, पोराचे एवढे लाड कशाला, म्हणू द्या एकदा, गाडी विकली तर विकली, उलट ताईचा जीव थंड होईल. ते टायरला लाथ मारत राहिले.

"मेव्हणे, जूनला पोरगी पुण्याला जाती. मंग दोन वर्सानं पोरगं. एकदा कळपातनं गेलं की ते सणाला येतं, मुक्कामाला नाय." मग पुढच्या टायरकडं वळत म्हणाले, "मला शाळंत सोडलं तवा आमचं बिऱ्हाड म्होरं गेलं. त्याच्यानंतर सगळेजण एका जागी, एका चुलीवर, असं मी जेवलोच नाय कधी. माझ्या पोरांस्नी तरी एक डाव समद्यांसंगं चालू द्या."

मी टायरला एक लाथ मारली.

विजयपूरच्या अलीकडं, रस्त्यालगत, एक मोकळं वावर दिसलं. ज्वारी निघून गेलेली, कडेला लिंबाची बाग. दाजींनी न विचारता गाडी आत घातली. ताईनं विचारलं, मालकाला विचारलं का? दाजी म्हणाले, सकाळी तोच येईल. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही तजेला होता की मालक आरती घेऊनच येणार असं मला वाटलं. रात्र तिथं काढली.

सकाळी मालक आला. मोटारसायकल, पांढरा सदरा आणि कपाळाला आठ्या. त्याला मराठी येईना, आम्हाला कानडी येईना. पण आपल्या बाजूला दखनी सगळ्यांना येते; निजाम गेला, पण प्रवासाची सोय करून गेला. भाची पायरीवर उभी राहून मैत्रिणींना सकाळ दाखवत होती. मोबाइल तिनं कौतुकानं बापाकडं वळवला.

"कौन बोल्या तुमकू इधर गाडी लगाने कू?" मालकानं विचारलं.

"कोई नै बोल्या," दाजी म्हणाले. "खेत खाली दिख्या, बैठ गए. अब तुमारा जो रिवाज है, सो देव."

"क्या देऊँ?"

"जवारी. नै तो बाजरी बी चलती."

मालकानं आधी दाजींकडं पाहिलं, मग गाडीकडं, मग माझ्याकडं, कारण त्याला कुणीतरी शहाणा माणूस हवा होता. "तुम मेरे खेत में सोए," तो सावकाश म्हणाला, "और जवारी मैंच देऊँ?"

"हौ."

दाजींचं चुकलं म्हणावं तर चुकलंही नव्हतं. मेंढरं वावरात बसवली की रात्रभरात लेंडीखत पडतं, कुत्री राखण करतात, आणि सकाळी शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, हा व्यवहार त्यांनी लहानपणी घोड्यावरून पाहिलेला. फक्त मधल्या काळात मेंढरं गळाली होती, एवढंच. मालकानंही तेच विचारलं, बकऱ्या कुठं आहेत? दाजींनी छाती काढून हिशेब दिला की बकऱ्या नाहीत, पाच माणसं आणि दोन कुत्री आहेत, आणि मागची टाकी सोलापूरपासून भरलेली आहे. खात्री पटावी म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उघडलं.

मी वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लिंबाच्या बागेतले कावळे उठले ते थेट महाराष्ट्राच्या दिशेनं गेले. मालकाची मोटारसायकल स्टँडवरून पडली. ऑस्करला जन्मात पहिल्यांदा कामाचं काही सापडलं असावं, तो आनंदानं धावत तिकडं गेला. आजूबाजूच्या शेतांतली माणसं गोळा झाली, कुणीतरी मोठ्यानं हसलं, मग सगळेच हसले. मालक हसला नाही. त्यानं अदबीनं सांगितलं की टाकी बागेच्या खड्ड्यात रिकामी करा आणि तोंड काळं करा. म्हणजे खत घेतलं आणि धान्य दिलं नाही. यालाच आधुनिक शेती म्हणत असावेत.

आणि हे सगळं भाचीच्या मैत्रिणींनी पाहिलं. तिच्या हातातला मोबाइल हसण्याच्या चिन्हांनी नुसता फसफसत होता. तिनं तो बंद केला, पायरीवरून उतरली, आणि खड्ड्याशी पाइप धरून उभ्या असलेल्या बापासमोर जाऊन म्हणाली, "मला घरी जायचंय. रेल्वेनं नाय तर कशानंबी. आत्ता."

भाच्यानं मान वर केली. त्याचा चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिला; बापावर गेला होता.

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी पंच. काहीतरी कायदेशीर बोलावं म्हणून मी घसा साफ केला, की भावनेच्या भरात उच्चारलेले शब्द धरावेत की नाही, यावर पूर्वी बराच... पण दाजींनी हातानंच थांबवलं. "पंचाला नका त्रास देऊ," ते म्हणाले. "मी आयकलं." पाइप गुंडाळला, हात धुतले, गाडीत बसले आणि गाडीचं तोंड सोलापूरकडं फिरवलं. भांडले असते, रागावले असते तर बरं झालं असतं. उभ्या प्रवासात जो माणूस बाभळीच्या झाडाशीसुद्धा बोलत आला, तो आता हॉर्नही वाजवेना.

मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. ऑस्करचा श्वास मानेवर घेत कन्याकुमारी गाठायची हौस मला कधीच नव्हती. पण आता मला गाडीच्या प्रत्येक टाक्याचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला.

थोड्या वेळानं भाची मागं येऊन ताईशेजारी बसली आणि कुजबुजली की पप्पांनी भीक का मागितली. सगळ्यांसमोर. मैत्रिणींसमोर.

ताई भाजी निवडत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "भीक?" ती म्हणाली. तुझ्या आज्यानं कुणाच्या दारात कधी पाय ठेवला नाही, तिनं सांगितलं. कळप निघाला की लोकच पुढच्या गावाला येऊन थांबायचे, आमच्या वावरात बसा, आधी आमच्या वावरात बसा म्हणून. दोन भाऊ त्यावरून भांडायचे. धान्य किती, मुक्काम किती, कुत्री किती, सगळं बोलून ठरायचं, आणि आजा जागचा उठायचासुद्धा नाही. लग्न करून आले तेव्हा एक हंगाम मी स्वतः पाहिलंय, ताई म्हणाली.

भाचीनं तोंड खिडकीकडं फिरवलं. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळेना; सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यातलं तिच्या आईलाही कळत नाही, मामाचा तर संबंधच नाही. मग ती वळली आणि चिडून म्हणाली, "मग पप्पांनी नीट का नाय मागितलं?"

गाडी तापत-थांबत सरकत होती. सांजेला रस्त्याच्या कडेला बेदाण्याची शेडं लागली. जाळीच्या मांडण्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, आणि मालक एकटाच हातात काठी घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. हा मराठी बोलणारा निघाला. आम्हाला पाण्याची गरज होती, गाडीलाही. दाजी खाली उतरले. मला वाटलं आता पुन्हा रिवाज सांगणार. पण ते त्या माणसापुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, रातच्याला हितं थांबलो तर चालंल का? काय द्यायचं ते सांगा. सकाळी आमी वापस घरला निघनार."

मी दाजींना मॅनेजरपुढं पाहिलं होतं, पोलिसापुढं पाहिलं होतं, ताईपुढं पाहिलं होतं. 'साहेब' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकला नव्हता. भाचीनंही ऐकला नसावा. ती माझ्या अंगावरून उडी मारूनच खाली उतरली. दगड्या तिच्या मागोमाग उतरला.

"काका, राखणदार नाय वाटतं तुमच्याकडं," तिनं त्या माणसाला विचारलं.

राखणदार होता, तो म्हणाला, पण भावाच्या लग्नाला गेलाय. माकडं आहेत, भुरटे चोर आहेत, काल पलीकडच्या शेडातून माल गेला.

"आमच्याकडं दोन कुत्री आहेत."

त्यानं ऑस्करकडं पाहिलं. ऑस्कर त्याच्या चपलेशी खेळत होता.

"हे शहरातलं आहे, हे धरू नका," ती म्हणाली. "ते बघा." दगड्या शेडाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला होता. न भुंकता. त्या माणसाच्या हातातली काठी आपसूक खाली आली.

मग जी बोली झाली ती मी जन्मात विसरणार नाही. त्यानं जागा फुकट देऊ केली. ती म्हणाली जागा तर तुम्हाला द्यावीच लागेल, कुत्री काय हवेत उभी राहणार? पाणी द्या, आंघोळीला नळी द्या आणि बेदाण्याची एक पेटी. तो म्हणाला पेटी फार होते, अर्धी घे. ती म्हणाली बरं, मग एकच कुत्रं ठेवते, आणि ऑस्करला गळपट्ट्याला धरून राखणीला पुढं केलं. तो माणूस घाईनं पूर्ण पेटीला कबूल झाला. दाजी बाजूला उभे होते. जोडलेले हात तसेच राहिले होते. सोडायचे लक्षात आलं नव्हतं.

त्या माणसालाही चव लागली. "पोरी, राखणदार परवा येतो," तो म्हणाला. "उद्याबी थांबा की."

"उद्या नाय जमायचं," भाची म्हणाली. बापाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "उद्या आम्हाला खाली कन्याकुमारीकडं जायचंय. उशीर झालाय आधीच."

निवाडा विचारायला माझ्याकडं कुणी पाहिलं नाही, ते बरंच झालं. दाजींनी हात सोडले, धोतर नसताना धोतराचा सोगा खोचावा तशी विजार वर ओढली आणि तडक गाडीत चढले. सकाळपर्यंत पोरगी बदलली तर? म्हणून उजेड आहे तोवर गाडीचं तोंड दक्षिणेला करून ठेवायला निघाले. एवढी घाई, एवढा आनंद आणि मागं बघायला सोनेरी पडदे आड. व्हायचं तेच झालं. रणगाडा मागं सरकला आणि शेडाचा कोपऱ्यातला खांब काडीसारखा मोडून आडवा झाला.

शेडाचा मालक ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाची त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पप्पा वेल्डर आहेत, तिनं सांगितलं, खांब अंधार पडायच्या आत उभा करून देतील, लोखंडाचा, तुमच्या नातवंडांना पुरेल. आणि झाल्या त्रासाबद्दल अर्धी पेटी आम्ही सोडतो.

दाजी गाडीत सोबत ठेवलेलं वेल्डिंगचं मशीन उतरवत होते. ते कानावर पडलं तसे ते माझ्याकडं वळले. डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेला होता, त्यामुळं आत काय चाललंय ते दिसलं नाही.

"अर्धी लई झाली," ते हळूच म्हणाले. "पावच सोडायची व्हती. पण असू द्या, पहिलंच वर्स हाय तिचं."